विमानाच्या पत्र्याला लागलं तर लगेच सांगा: दोन उड्डाणांमधल्या तपासणीबद्दल ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक विमान कंपन्यांचे विमानतळांवरचे अधिकारी, इंजिनिअर आणि विमानात सामान चढवणारे-उतरवणारे ठेकेदार यांच्यासाठी आहे. विमानाच्या बाहेरच्या अंगावरचे पोचे, चरे आणि विजेचे डाग मोजून त्यांचा नकाशा तयार करणं हे आमचं काम. विमान उडायला योग्य आहे ही सही परवानाधारक इंजिनिअरचीच. आम्ही फक्त त्याच्या हाती नेमकी मापं देतो.

ए-320 किंवा 737 सारखं विमान उतरून पुन्हा निघेपर्यंत बऱ्याचदा पाऊण तासही मिळत नाही. तेवढ्या वेळात विमानाभोवती फेरी मारली जाते आणि नाक, पंखांच्या कडा, इंजिनाची पाती, चाकं, शेपूट नजरेखालून जातात. त्यात एखादा पोचा दिसला की पहिला प्रश्न हाच पडतो, की हा जुना की आजचा? जुन्या पोच्यांचा नकाशा हाताशी असेल तर उत्तर लगेच मिळतं. नसेल तर शिडी मागवा, मापं घ्या, कंपनीला कळवा, आणि प्रवासी गेटवर ताटकळत. नकाशाचा खरा उपयोग या घडीला होतो.

बहुतेक पोचे दारांच्या आसपास सापडतात. एरोब्रिज (प्रवाशांना दारापर्यंत नेणारा पूल), केटरिंगची गाडी, बेल्ट लोडर (सामान चढवणारा सरकता पट्टा), सगळं तिथेच येऊन टेकतं. पोच्याची लांबी, रुंदी, खोली आणि जवळच्या रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) ओळीपासूनचं अंतर आम्ही घेतो. विमान बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत जागेनुसार मर्यादा ठरलेल्या असतात. एके ठिकाणी चालणारा पोचा दुसरीकडे चालत नाही. पोच्यात धारदार घडी किंवा चरा असेल, तर खोली कमी आहे म्हणून सोडून देऊ नका. तिथून तडा सुरू होऊ शकतो.

स्टॅटिक छिद्रांभोवतीचा (बाहेरच्या हवेचा दाब मोजून उंची काढण्यासाठी असलेल्या छिद्रांभोवतीचा) पत्रा आम्ही विशेष जपून पाहतो. तिथे जरासा उंचवटा आला तरी हवेचा दाब चुकीचा मोजला जातो आणि उंची चुकते. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात वरच्या-खालच्या विमानांत 1,000 फुटांचंच अंतर ठेवतात, त्यामुळे ही चूक परवडणारी नाही.

पावसाळ्यात ओल्या पत्र्यावर बारीक चरा लपतो. आधी पुसून घ्या, मग टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. समोरून सपाट वाटणारा पोचा सावलीमुळे उठून दिसतो. विजेचा डाग सहसा एकटा नसतो. वीज चिकटलेली असताना विमान पुढे सरकत राहतं, म्हणून जळके ठिपके ओळीने उमटतात. वीज शिरली ती जागा सापडली की बाहेर पडली ती जागाही शोधा: पंखांची टोकं, शेपूट.

बोइंग 787 विमानाच्या सांगाड्याचा वजनाने जवळपास निम्मा भाग कार्बनच्या थरांचा असतो. त्याला धक्का बसला तर वरचा पृष्ठभाग पूर्ववत दिसतो आणि आतले थर मात्र सुटलेले असू शकतात. माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात तसं तिथेही टकटक करून पाहतात. आवाज बोदा आला तर अल्ट्रासाउंड यंत्र लावावं लागतं. पण कुठे वाजवायचं, हे धडक पाहणाऱ्यानेच सांगायला हवं.

26 डिसेंबर 2005 ला अमेरिकेत सिॲटलहून बरबँकला निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-83 विमानाला जमिनीवर सामानाच्या यंत्रणेचा धक्का लागला होता. कामगाराने ते कळवलं नाही. सुमारे 26,000 फुटांवर त्या जागी जवळपास 12 इंच लांब, 6 इंच रुंद भोक पडलं आणि केबिनमधला दाब गेला. विमान सुखरूप परतलं. पोचा बसल्या बसल्या सांगितला असता तर ते विमान जमिनीवरच थांबलं असतं.

म्हणून ठेकेदारांना आमची कळकळीची विनंती आहे: धडक कळवणाऱ्या माणसाचा पगार कापू नका, त्याला सगळ्यांसमोर झापू नका. एकाला शिक्षा झाली की पुढचे दहाजण गप्प बसतात. धडक बसली की गाडी आहे तिथेच थांबवा, मागे घेऊ नका, आणि आधी इंजिनिअरला बोलवा.

आम्हाला कळवताना विमानाचा नोंदणी क्रमांक, ते उभं असलेलं स्टँड (विमान उभं करायची जागा), कशाने लागलं आणि किती वाजता, एवढं सांगा. फोटो काढताना पोच्याशेजारी मोजपट्टी धरा, आणि एक फोटो लांबून काढा, म्हणजे दार किंवा खिडकी चौकटीत येईल. त्यावरून कोणतं मापयंत्र आणि किती उंचीची शिडी आणायची ते आम्ही निघण्याआधीच ठरवतो.