औषधांचा चयापचय : प्रयोगशाळेतील प्राणी, गुरेढोरे आणि माणूस

पोटात गेलेल्या किंवा सुईने टोचलेल्या औषधाच्या रेणूत शरीर जे रासायनिक बदल घडवते, त्या सर्वांना मिळून औषधाचा चयापचय म्हणतात. हे काम मुख्यतः यकृत करते. आतड्याचे अस्तर, मूत्रपिंड, फुप्फुस, रक्तद्रव आणि पोटातले जिवाणू यांचाही त्यात वाटा असतो. बहुतेक औषधे मेदात विरघळणारी असतात, म्हणूनच ती पेशींत शिरू शकतात. पण त्याच गुणामुळे त्यांना लघवीवाटे बाहेर पडता येत नाही, कारण मूत्रपिंडात गाळलेले औषध पुन्हा रक्तात शोषले जाते. यकृतातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने (एन्झाइम), अशा रेणूला पाण्यात विरघळणारे रूप देतात आणि मग तो लघवीतून किंवा पित्तातून निघून जातो.

कोणत्या प्राण्यात कोणते विकर आहे, किती आहे आणि किती वेगाने काम करते, यात फार मोठे फरक आहेत. म्हणून किलोमागे मात्रा तीच ठेवली तरी औषध दोन प्राण्यांत तेच राहत नाही. मराठवाड्यात ही गोष्ट दारात भेटते. इथल्या अनेक घरांत माणसे, देवणी किंवा लाल कंधारी गाय, उस्मानाबादी शेळ्या आणि राखणीचे कुत्रे एकाच अंगणात असतात, आणि घरातली गोळी सहज गोठ्यात जाते.

दोन टप्पे

यकृत साधारणपणे दोन टप्प्यांत काम करते. पहिल्यात ऑक्सिडीकरण, क्षपण किंवा जलविच्छेदन होऊन रेणूला नवा रासायनिक गट मिळतो. दुसऱ्यात त्या गटाला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट, ॲसिटिल गट, ग्लायसिन किंवा ग्लुटाथायोन जोडले जाते. ही मांडणी रिचर्ड टेकविन विल्यम्स या वेल्श जीवरसायनशास्त्रज्ञाच्या कामातून रूढ झाली. दुसऱ्या टप्प्याचा शोध मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीचा आहे. १८४१ मध्ये ॲलेक्झांडर युअर यांनी बेंझोइक आम्ल पोटात घेतले आणि लघवीत त्याचे हिप्युरिक आम्ल झालेले त्यांना आढळले. शरीराने त्याला ग्लायसिन जोडले होते.

पहिल्या टप्प्याची बरीचशी मदार सायटोक्रोम पी-४५० या विकरकुळावर असते. कार्बन मोनॉक्साइडशी जोडले गेल्यावर या विकरांचा रंग ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, म्हणून हे नाव. ओमुरा आणि सातो या जपानी संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ते रूढ केले. माणसात या कुळाची ५७ कार्यक्षम जनुके आहेत, तर उंदरात शंभराच्या आसपास.

चयापचय म्हणजे विष उतरवणे, असा समज पसरलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. प्राँटोसिल हा लाल रंग परीक्षानळीत जिवाणूंना मारत नसे, उंदराच्या शरीरात मात्र मारत असे. शरीर त्याचे तुकडे करून सल्फानिलमाइड मोकळे करते आणि खरे औषध तेच, हे १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडले. कोडीनमधून मॉर्फीन तयार होते, तेव्हाच दुखणे थांबते. उलट पॅरासिटामॉलचा थोडा भाग पी-४५० मुळे विषारी पदार्थात बदलतो. नेहमीच्या मात्रेत यकृतातले ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो.

प्राण्याप्राण्यांतील फरक

१९५८ मध्ये क्विन, ॲक्सेलरॉड आणि ब्रोडी यांनी हेक्झोबार्बिटाल हे झोपेचे औषध चार प्राण्यांना टोचले. माऊस म्हणजे लहान पांढरा उंदीर सरासरी १२ मिनिटे झोपला, ससा ४९ मिनिटे, रॅट म्हणजे मोठा उंदीर ९० मिनिटे. कुत्र्याला किलोमागे निम्मीच मात्रा दिली होती, तरी तो पाच तासांहून अधिक झोपला. माऊस, ससा आणि रॅट जागे झाले तेव्हा त्यांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण एकमेकांपासून फार दूर नव्हते. म्हणजे त्यांच्या झोपेतला फरक मेंदूने नव्हे, यकृताने पाडला होता. या विषयात एकच प्रयोग शिकवायचा असेल तर हाच शिकवावा.

काही प्राण्यांत एखादे विकर जवळजवळ नसतेच. मांजरात पॅरासिटामॉलला ग्लुकुरोनिक आम्ल जोडणाऱ्या विकराचे जनुक निकामी झालेले आहे. माणसाची एक गोळीसुद्धा मांजराचे रक्त तपकिरी करून जीव घेऊ शकते. कुत्र्यात ॲसिटिल गट जोडणारी जनुकेच नाहीत. क्षयाच्या उपचारातले आयसोनियाझिड माणसात याच वाटेने निष्प्रभ होते. त्यामुळे घरातल्या या गोळ्या कुत्र्याने खाल्ल्या तर त्याला झटके येतात. डुकरात सल्फेट जोडण्याची क्षमता तोकडी आहे. काही सशांच्या रक्तात ॲट्रोपीन तोडणारे विकर असते; धोतऱ्यातही आढळणारे हे द्रव्य माणसाला भ्रमिष्ट करते, असा ससा मात्र ते पचवतो.

एकाच जातीतही सगळे प्राणी सारखे नसतात. रॅटमध्ये नर हेक्झोबार्बिटाल मादीपेक्षा लवकर संपवतो. १९६७ मध्ये तर पिंजऱ्यात अंथरलेल्या सीडर आणि पाईनच्या भुशानेही यकृतातील विकरे वाढतात आणि झोपेचा काळ घटतो, असे दिसून आले. प्राणिगृहात अंथरुणाचा भुसा, खाद्य, प्राण्याचे वय आणि लिंग यांची नोंद का ठेवायची, हे यावरून कळते.

गोठ्यातील औषधे

रवंथ करणारी जनावरे मेदात विरघळणारी कित्येक औषधे झपाट्याने संपवतात. जिवाणूंवरील ट्रायमेथोप्रिम या औषधाचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, माणसात सुमारे दहा तास आहे, गायीत एक-सव्वा तास. शेळी आणखी वेगवान असते. जंताचे अल्बेंडाझोल यकृतात आधी सल्फॉक्साइड या प्रभावी रूपात जाते, नंतर सल्फोन या निष्प्रभ रूपात. शेळीत हा दुसरा बदल मेंढीपेक्षा लवकर होतो. म्हणून पशुवैद्यक शेळीला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट मात्रा देतात. कळपात शेळ्या-मेंढ्या एकत्र असल्या आणि सगळ्यांना एकाच मापाने पाजले, तर शेळ्यांत जंत उरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे जंत पुढे वाढतात. उस्मानाबादी शेळीवर या भागातल्या किती कुटुंबांचा संसार चालतो हे पाहता, हा मुद्दा परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या वर्गाबाहेर, शेळीपाळापर्यंत पोचायला हवा.

रवंथ करणाऱ्या पोटातले जिवाणूही चयापचय करतात, कधी जनावराच्या जिवावर उठून. कोवळ्या किंवा पावसाच्या ताणात खुंटलेल्या ज्वारीत धुरिन हे द्रव्य असते. गायीच्या पोटातले जिवाणू त्यातून सायनाइड झपाट्याने मोकळे करतात. घोड्याच्या आम्लयुक्त जठरात ते तितके होत नाही, म्हणून धोका गायी-म्हशींना अधिक. यकृतातील रोडानीज हे विकर सायनाइडला गंधक जोडून कमी विषारी थायोसायनेट बनवते, पण त्याला गंधकाचा पुरवठा लागतो. सोडियम थायोसल्फेट टोचतात ते हा पुरवठा करण्यासाठी.

सर्वांत दूरवर पोचलेले उदाहरण गिधाडांचे आहे. गाय-बैलांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या शरीरातून काही दिवसांत निघून जाते. त्याआधी मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले तर जिप्स कुळातील गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले आणि भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ संपली होती. त्यानंतर बाजारात पर्याय म्हणून ॲसिक्लोफिनॅक चालू लागले, पण गाय-म्हशीचे शरीर त्याचे पुन्हा डायक्लोफिनॅकच करते. नाव बदलले, विष तेच राहिले. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन हे आणखी एक वेदनाशामक यांच्यावर जनावरांपुरती बंदी यायला २०२३ उजाडले. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांचे शरीर लवकर संपवते, त्यामुळे ते सुरक्षित ठरले आहे.

माणसामाणसांतील फरक

आयसोनियाझिड काहींच्या शरीरातून एक-दीड तासाच्या अर्धायुकालाने जाते, तर काहींत हा काळ तीन-चार तासांचा असतो. हा भेद एन-ॲसिटिलट्रान्सफरेज-२ या जनुकाचा आहे. भारतीयांत मंद गटाचे लोक निम्म्याहून अधिक आहेत. त्यांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून सोबत ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. ती गोळी रुग्णाने वगळू नये.

क्षयाचेच दुसरे औषध रिफॅम्पिसिन यकृतातील पी-४५० विकरे वाढवते. परिणामी गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन यांचा असर घटतो. हे रॅटवर पाहू गेले तर नीट दिसत नाही, कारण पेशीतील ज्या ग्राहीला (औषध ओळखून विकरे वाढवण्याचा संदेश देणाऱ्या प्रथिनाला) रिफॅम्पिसिन माणसात चेतवते, ती रॅटमध्ये त्याला फारसा प्रतिसाद देत नाही. सशाची ग्राही माणसासारखी वागते. बिडीचा धूरही एक वेगळे पी-४५० विकर वाढवतो. दम्याचे थिओफिलिन बिडी ओढणाऱ्यात लवकर संपते, आणि बिडी सुटल्यावर तीच मात्रा जड होऊ शकते. ग्रेपफ्रूटचा रस उलट आतड्यातले विकर बंद पाडतो. जालन्याची मोसंबी ग्रेपफ्रूटहून वेगळी आहे. ग्रेपफ्रूटवरील चाचण्यांत तर गोड संत्र्याचा रस तुलनेसाठी निरुपद्रवी म्हणून दिला गेला होता.

भूल देताना स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन रक्तातील ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे विकर काही मिनिटांत तोडते. हे विकर जन्मतः नसेल तर रुग्णाचा श्वास तासन्‌तास थांबून राहतो. दक्षिण भारतातील आर्य वैश्य समाजात ही कमतरता इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते; त्यामागचा जनुकीय बदल २००६ मध्ये ओळखला गेला. नांदेड, लातूर, परभणीच्या बाजारपेठांत हा समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. घरात कुणाला भुलीनंतर श्वास यायला उशीर झाला असेल, तर ते शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला सांगावे. त्याला दुसरे औषध निवडता येते. आणि ती अडचण उद्भवलीच तर औषध उतरेपर्यंत कृत्रिम श्वासावर ठेवून रुग्ण सुखरूप राहतो.

प्राण्यावरून माणसाकडे

नव्या औषधाची माणसातली पहिली मात्रा ठरवताना प्राण्याची किलोमागची मात्रा जशीच्या तशी घेत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माऊसची मात्रा सुमारे १२ ने, रॅटची ६ ने आणि कुत्र्याची जवळजवळ २ ने भागतात, आणि त्यावर सुरक्षिततेसाठी आणखी घट करतात. हा हिशेब आकाराचा फरक भरून काढतो, विकरांचा नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत काविळीच्या ब विषाणूवरील फायल्युरिडीन १५ रुग्णांना दिले गेले. प्राण्यांनी ते सोसले होते. रुग्णांपैकी सात जणांचे यकृत निकामी झाले आणि पाच जण दगावले. माणसात हे औषध पेशीतील तंतुकणिकांत (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांत) शिरते, उंदरात ती वाटच नसते, हे नंतर कळले.

म्हणून आता दान केलेल्या मानवी यकृताच्या पेशी आणि त्यांपासून काढलेले सूक्ष्मकण यांवर आधी पाहतात की माणसात कोणकोणते उपपदार्थ तयार होतील. मग तेच उपपदार्थ ज्यात तयार होतात असा प्राणी विषबाधेच्या चाचणीसाठी निवडतात. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, अवयव-चिप (अवयवाच्या पेशी वाढवलेली छोटी पट्टी) आणि संगणकी प्रारूपे यांसारख्या प्राणीविरहित पद्धतींनाही मान्यता मिळाली आहे.