लोकर की केस?

भातकापणी उरकून थंडी पडली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरतात. कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, दोन-तीन रात्री कळप बसवला की लेंड्यांचं खत होतं, बदल्यात भात नाहीतर पैसे द्यायचे. आमचा मेंढराशी संबंध बहुतेक इथवरच. त्यामुळे अंगावरून जे कातरलं जातं त्या सगळ्याला आम्ही सरसकट ‘लोकर’ म्हणतो.

मीही एकदा कातरणीनंतर हौसेने पोतंभर मागून घेतली. धनगरमामांनी पोत्यात हात घातला, मूठभर काढून बाजूला टाकलं आणि म्हणाले, “ही लोकर न्हवं, शेरडाची केसं हायती.” मेंढरांच्या कळपात दुधासाठी चार शेळ्या असायच्याच, त्यांचेही केस कातरून त्याच ढिगात पडले होते.

फरक डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो. लोकरीचा तंतू नागमोडी असतो, ताणला तर लांबतो, सोडला की आखडतो. शेळीचा केस सरळ, गुळगुळीत, जरा चमकणारा. पण एकाच तंतूवर निकाल देऊ नका. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीतही जाड, केसाळ तंतू मिसळलेले असतातच. घोंगडी टोचते ती त्यामुळेच.

जाळून बघायचा सल्ला हमखास मिळतो. तो इथे कुचकामी. ॲक्रिलिक, म्हणजे नकली लोकर, ओळखायला ठीक आहे, ते वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकर आणि केस मात्र दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचेच, जळके केस जसे वास मारतात तसाच दोघांचा वास. त्यापेक्षा चिमूटभर तंतू कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून तळव्यांमध्ये पाचेक मिनिटं चोळा. लोकरीच्या तंतूवर उभे, एकमेकांत अडकणारे बारीक खवले असतात, त्यामुळे तिची घट्ट गोळी होते. केसावरचे खवले अंगालगत चिकटलेले, म्हणून केस बरेचसे सुटेच राहतात. (पश्मिना शेळीचीच ना, असं कुणी विचारेल. हो, पण ती लडाखातल्या शेळीच्या राठ केसांखालची मऊ लव, आणि ती विंचरून काढतात.)

निवड कातरतानाच करावी. सूत कातल्यावर मिसळलेले केस टोकं वर काढून बसतात, ते वेचणं म्हणजे डोकेदुखी. मेंढरं आधी धुऊन पूर्ण वाळू द्यावीत, कातरायच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावीत आणि खाली जुनी सुती चादर अंथरावी. गोणपाट नको, त्याचे धागे लोकरीत शिरतात.

आणि आपल्या दमट हवेत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साठवण. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पिते आणि तरी हाताला कोरडी वाटते. याच फसवणुकीला भुलून मी ती प्लास्टिकच्या गोणीत बांधून माळ्यावर टाकली होती. आषाढात माळ्यावर कुबट वास, गोणी उघडली तर बुरशी. आता रिठ्याच्या कोमट पाण्यात न पिळता धुतो, सावलीत वाळवतो आणि कडुलिंबाचा पाला घालून सुती पिशवीत टांगतो. कसर तरीही लागते, म्हणून पावसाने उघडीप दिली की झटकायची.

बाजूला काढलेल्या केसांचा मामांनी तिथेच बसून दोर वळला होता. तो अजून गोठ्यात पाड्याच्या गळ्यात आहे.