पाणी मागून येतं

"पाणी समोरून नाही येत गुरुजी, मांगून येते."

वैनगंगेत डोंगा घालणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवरबुवांनी हे सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस मी. नदी गावाच्या पूर्वेला, मग पश्चिमेच्या धानाच्या बांध्यांतून पाणी कसं येईल? ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ते तसंच आलं. पाऊस मुख्यतः वर, मध्यप्रदेशात कोसळला. तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी खाली निघालं, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतली काठची गावं पाण्यात गेली. नदीच्या धडीवरची घरं मात्र बरीच उशिरा बुडाली. आधी बुडाले ते मागचे रस्ते.

हे का होतं, ते समजायला अवघड नाही. पूर आला की नदी काठाबाहेर पडते, तिचा वेग एकदम मंदावतो आणि जड रेती-गाळ काठालगतच बसतो. बारीक माती तेवढी लांब जाते. शेकडो पुरांनंतर काठ उंच होतो आणि मागची जमीन त्यापेक्षा सखल राहते. जुन्या लोकांनी पांढरी, म्हणजे वस्ती, वसवली ती अशा उंचवट्यावर; काळी, म्हणजे शेतजमीन, ठेवली मागे. आता त्या सखल भागातून एखादा नाला नदीला मिळतो. नदी चढली की नाल्याला उतारच उरत नाही आणि त्याचं पाणी जागीच तुंबतं. यालाच फुगवटा म्हणतात. नाल्याचा उतार किलोमीटरला १ मीटर असेल आणि नदी ४ मीटर चढली, तर फुगवटा ढोबळमानानं ४ किलोमीटर आत सरकतो. तिथं थेंबभर पाऊस नसला तरी. आणि तालुक्याचा रस्ता नेमका त्याच नाल्यावरून, एखाद्या ठेंगण्या पुलावरून जात असतो.

गडचिरोलीतल्या भामरागडला हे दर पावसाळ्यात दिसतं. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्यांचा तिथं संगम. इंद्रावती तुडुंब झाली की पर्लकोटेला पुढे जायला जागा मिळत नाही, ती फुगते आणि तालुक्याचं ठिकाण जगापासून तुटतं.

गावाचं बेट झालं की माणसं कशी वाचवायची यावर आपल्याकडे बरंच बोललं जातं. मला आज वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. ज्या खोलीतून वाचवण्याचे हुकूम सुटतात, ती खोलीच त्या बेटावर अडकली तर?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असतं. १०७७ वर फोन लावला की जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष उचलतो, आणि पावसाळ्यात तहसिलीतही असा एक कक्ष चालू असतो. प्रत्यक्षात तो म्हणजे एक टेबल, दोन फोन, वायरलेस संच, भिंतीवरचा नकाशा, धरणांचा विसर्ग लिहायची नोंदवही आणि रात्रपाळीला डोळे चोळत बसलेला एक कारकून. नदीकाठच्या एका तालुक्यात मी असा कक्ष पाहिला. तळमजल्यावर होता, ते समजू शकतो. पण इन्व्हर्टरची बॅटरी फरशीवर ठेवलेली, आणि जनरेटर मागच्या अंगणात, अंगणही रस्त्यापेक्षा वीतभर खाली. मी विचारलं तर उत्तर आलं, "इथवर पाणी येत नाही, गुरुजी." भिंतीवरच्या नकाशात मात्र त्या अंगणाच्या पलीकडून लाल रेघ गेलेली होती.

या रेघांबद्दल दोन शब्द. आपल्या राज्यात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक म्हणतात, शंभर वर्षांतून एकदा ना, मग आपल्या हयातीत कशाला येईल? पण याचा खरा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, इतकाच आहे. ३० वर्षांच्या नोकरीत असा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता २६ टक्के निघते. निळ्या रेषेच्या पुरासाठी हाच आकडा ७१ टक्क्यांवर जातो. म्हणजे निळ्या रेषेच्या आत बसलेल्या कारकुनाला निवृत्तीपर्यंत एकदा तरी बिऱ्हाड हलवावं लागणार, असं धरूनच चालायला हवं.

बिऱ्हाड हलवण्याची पाळी भल्याभल्या शहरांवर आली आहे. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचं शहर आहे, वस्ती तेव्हा पन्नासेक हजार. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढं. शेजारून रेड नदी वाहते, जमीन तव्यासारखी सपाट. १९९७ च्या वसंतात बर्फ वितळून पूर येणार हे महिनाभर आधीच ठाऊक होतं. हवामान खात्याचा अंदाज होता ४९ फुटांचा. लोकांनी रात्रंदिवस वाळूची पोती रचून बांध त्याहून थोडा उंच केला. नदी मात्र ५४ फुटांच्या वर गेली. सपाट मुलखात पाच फूट पाणी जास्त येणं म्हणजे काय, हे धानपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. एका बांधीवरून दुसऱ्या बांधीत पाणी उतरतं तसं ते गल्लीगल्लीतून पसरत गेलं. आपत्कालीन केंद्र पोलीस ठाण्याच्या इमारतीत होतं. तिथं पाणी पोचायला लागलं आणि पुराचा सामना ऐन भरात असताना सगळं केंद्र उचलून विद्यापीठाच्या आवारात न्यावं लागलं. त्याच दिवसांत, पाण्यात उभ्या असलेल्या बाजारपेठेत आग लागून ११ इमारती जळाल्या.

मला या गोष्टीत अंदाज चुकला याचं फारसं नवल वाटत नाही. अंदाज चुकतात. नदीनं कधी न गाठलेल्या उंचीवर तिची रुंदी, वेग, पुलांचे अडथळे सगळंच बदलतं, आणि जुन्या नोंदींवरून काढलेली पातळी आणि प्रवाह यांची वक्ररेषा तिथं ओढूनताणूनच लांबवावी लागते. खरी गोम अशी की सगळी तयारी एका आकड्यावर बेतली होती. त्या आकड्यापलीकडे पाणी गेलं तर केंद्र कुठं न्यायचं, हे पाण्याच्या आधी ठरलेलं बरं असतं.

जपानात जोसो शहराची कथा तर आणखी बोचरी. सप्टेंबर २०१५ मध्ये किनू नदीचा बांध फुटला आणि नगरपालिकेची इमारत पाण्यानं वेढली गेली. इमारत जेमतेम वर्षाची, भूकंपाचा विचार करून बांधलेली. आणीबाणीचा जनरेटर जमिनीलगत होता, तोच बुडाला.

जनरेटर पाण्यानं का मरतो, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही, पण पुराचं पाणी शेतातली खतं, गटारं आणि माती विरघळवत येतं. त्यातल्या क्षारांमुळे ते वीज वाहून नेतं आणि जोडण्या जळतात. इंजिनाचं मरण वेगळं. ते हवा ओढतं, ती सिलिंडरमध्ये दाबतं. हवेऐवजी पाणी ओढलं गेलं तर पाणी दबत नाही, मग दट्ट्याला जोडलेला दांडाच वाकतो. असं इंजिन पूर ओसरल्यावर वाळवून चालत नाही. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयानं शहाणपणानं जनरेटर तेराव्या मजल्यावर ठेवले होते. २०१२ च्या सँडी वादळात त्यांना पाणी लागलं नाही, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात होते. मग सैनिक आणि कर्मचाऱ्यांनी जिन्यात रांग लावून हातोहात इंधन तेरा मजले वर पोचवलं. मला या प्रसंगात साखळीचा सगळा धडा दिसतो: यंत्रणेची उंची तिच्या सर्वांत खालच्या वस्तूएवढीच असते.

इंधनाचा हिशोबही आपल्याकडे कुणी करत नाही. १५ केव्हीएचा छोटा संच भर भारावर ताशी ३ ते ४ लिटर डिझेल पितो. तीन दिवस चालवायचा तर २०० लिटरचं एक पिंप पुरत नाही. पेट्रोलपंप बंद, टँकर नाल्यापलीकडे.

आता मूळ प्रश्न. हलायचं कधी? सहज सुचणारं उत्तर असतं, पाणी आवाराच्या भिंतीला लागलं की. ते चुकीचं आहे, आणि त्याचं कारण ढिवरबुवांनी केव्हाच सांगून ठेवलं आहे. कचेरीची पायरी बुडण्याआधी तिच्या वाटेवरचा ठेंगणा पूल बुडतो. म्हणून मोजायचं ते कचेरीपासून पाणी किती दूर आहे ते नाही, पुलाच्या पाठीपासून पाणी किती खाली आहे ते.

समजा, नव्या जागेच्या वाटेवरच्या सर्वांत ठेंगण्या पुलाखाली दीड मीटर जागा उरली आहे आणि पाणी तासाला २५ सेंटिमीटर चढतंय. हातात सहा तास आहेत असं वाटतं. सामान बांधणं, बॅटऱ्या, वायरलेसचा खांब, प्रवास, तिकडे सगळं जोडून तपासणं, यात तीन तास सहज जातात. उरले तीन. पण वरच्या धरणातून विसर्ग वाढवला आणि चढण्याचा वेग दुप्पट झाला, तर सहाचे तीनच होतात. म्हणजे निघायची वेळ आत्ता, जेव्हा पूल पूर्ण कोरडा आहे आणि बाजारातले लोक "साहेब पळाले" म्हणून हसणार आहेत, तीच. हा निर्णय साहेबाच्या हिमतीवर सोडणं मला पटत नाही. पुलाच्या खांबावर आधीच रंगानं खूण असावी, आणि पाणी खुणेला लागलं की विचार न करता निघायचं.

"ट्रॅक्टर जाते ना पाण्यातून" हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. जीपचंच घ्या. १२०० किलोच्या गाडीला तरंगायला १.२ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं. गाडीचा तळ सातेक चौरस मीटर. म्हणजे तळाच्या वर १७-१८ सेंटिमीटर पाणी आलं की गाडी उचलली जायला लागते. रस्त्यापासून मोजलं तर गुडघ्याच्या खालीच. शिवाय वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. ट्रॅक्टर जड असतो हे खरं, पण पुलाचा कठडा दिसत नसताना आणि पलीकडचा भराव वाहून गेलेला असताना वजन कामाला येत नाही.

कुठं जायचं, याचेही प्रकार आहेत. मी ते चुलीच्या भाषेत सांगतो. एक, पेटलेली चूल: दुसऱ्या उंच गावात तसाच कक्ष सतत चालू, नुसतं फोन वळवायचे. खर्चिक, जिल्ह्याला परवडेल, तालुक्याला नाही. दुसरी, निखारे झाकून ठेवलेली: खोली, वीज, फोनची जोडणी, वायरलेसचा खांब तयार, माणसं आणि नोंदवह्या तेवढ्या न्यायच्या. तिसरी, नुसती लाकडं रचलेली: रिकामी शाळा. आपल्याकडे प्रत्यक्षात बहुधा तिसरी असते, तिला कागदावर दुसरी म्हणतात.

वायरलेसच्या खांबाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं अधिक. पोलिसांच्या वायरलेसच्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे खांब जितका उंच तितकी नजर लांब. ढोबळ सूत्र असं: उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गमुळाला ४.१२ नं गुणा, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. ३० मीटरच्या खांबाला साडेबावीस किलोमीटर. समोरच्या माणसाच्या हातातल्या संचाचे पाचेक किलोमीटर त्यात मिळवा, झाले अठ्ठावीसच्या आसपास. खांब मागे राहिला आणि नव्या जागी शाळेच्या छपरावर, सहा मीटरवर तार बांधली, तर हेच अंतर पंधरावर येतं. मध्ये जंगल आणि टेकडी असेल तर त्याहून कमी. म्हणजे कक्ष सुरक्षित झाला, पण नदीपलीकडच्या निम्म्या गावांना तो ऐकूच येत नाही. मोबाइलच्या भरवशावर राहावं तर मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या, पुढे त्यांनाही डिझेल लागतं.

आणि जुना कक्ष कधी बंद करायचा? नव्या कक्षानं प्रत्येक महसूल मंडळाला हाक देऊन प्रत्येकाचं उत्तर नोंदवल्यावर. तोवर दोन माणसं जुन्या टेबलावर, शेवटची गाडी दारात. धावत्या गाडीचं चाक बदलण्याचा हा प्रकार आहे. त्या दोघांसाठी डोंगा किंवा रबरी बोट आधीच बांधून ठेवावी, कारण राज्य आपत्ती प्रतिसाद दल नागपुरात आणि राष्ट्रीय दलाची तुकडीही लांबून यायची. नाल्यापर्यंत ते येतील, नाल्याच्या अलीकडे तुम्हीच असता.

वर्धा नदीकाठच्या मोवाडनं ३० जुलै १९९१ च्या पुरात २०४ माणसं गमावली. ते अख्खं गावच नंतर उंचावर वसवलं गेलं. कक्ष हलवणं म्हणजे तेच काम, फक्त एका रात्रीत आणि कमी सामानात.

मघाशी ज्या तालुक्याचं सांगितलं, तिथं मी नंतर पुन्हा गेलो होतो. पर्यायी जागा ठरलेली होती, टेकाडावरची जिल्हा परिषदेची शाळा. जागा चांगली, आवारात हातपंप, छप्पर पक्कं, लाल रेषेच्या बाहेर. किल्ली कुणाकडे, असं विचारलं. शिपायाकडे. शिपाई राहतो कुठं? "पलीकडल्या गावात," कारकून म्हणाला, आणि बोट नाल्याकडे केलं.