दिवसा सेतू केंद्र, रात्री ऑर्गन

दिवाळी झाली, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा भरू लागल्या की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो तो थेट होळीपर्यंत. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडायला आलं तरी गाणी चालूच. ऑर्गन, तबला किंवा ऑक्टोपॅड वाजवणारे यातले बरेच जण दिवसा वेगळ्याच कामाला जुंपलेले असतात. कुणी सेतू केंद्रात बसून धानविक्रीच्या ऑनलाइन नोंदण्या करतो, कुणी पत्रिका आणि बॅनर बनवतो, कुणी घरच्या खोलीत लॅपटॉपवर गाण्यांचे ट्रॅक जोडतो. त्याच्या आधी घरचं धान कापून झालेलं असतं ते वेगळंच. मग ऐन थंडीत तक्रार सुरू होते : ‘मनगटात चमक निघते जी, बोटं झोपतात.’

घरचे कॉम्प्युटरला बोल लावतात, वाजवणारा थंडीला. खरं तर हाताला विळा, माऊस आणि ऑर्गन असा भेद कळत नाही. त्याच्याकडे सगळ्याची बेरीज होते.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. टेबलावर बोटं वाजवा आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपून पाहा, आतली वळवळ लागते. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. सायकलच्या ब्रेकची तार नळीतून सरकते तशा. नळी सरळ असली तर तार अलगद फिरते, वाकली की घासते. तळहाताच्या बुडाशी एक अरुंद बोगदा आहे. त्यातून अशा 9 कंडरा जातात आणि त्यांच्यातच दाटीने एक मज्जातंतू, म्हणजे नस. मनगट मागे किंवा पुढे वाकलं की या बोगद्यातला दाब कित्येक पटींनी वाढतो. कंडरांना रक्तपुरवठा तोकडा असतो, म्हणून त्यांची झीज सावकाश भरते. ती भरायला विश्रांती लागते, आणि रात्रीची नेमकी तीच वेळ नाटकाची.

नुसत्या टायपिंगने बोगद्यातली नस दबते याला भक्कम पुरावा नाही. जोराची पकड आणि वाकलेल्या मनगटाने तेच तेच काम, याला मात्र आहे. विळ्याची मूठ त्यात बसते. डग्ग्यावर तळहाताचं बूड दाबून घुमारा काढणंही थोडंफार तसंच, कारण तो दाब बरोबर बोगद्याच्या तोंडाशी पडतो. आणि दिवसभर टेबलाच्या धारेवर मनगट टेकवून बसणारा माणूस तीच जागा पुन्हा दाबत असतो.

नाटक थांबवता येत नाही, धान थांबत नाही. काटकसर करता येते ती कॉम्प्युटरच्या बाजूला. लॅपटॉप खाटेवर किंवा मांडीवर असेल तर मान खाली जाते आणि मनगट वर वाकतं. तो डब्यावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर उंच ठेवून वेगळा साधा कीबोर्ड जोडला की दोन्ही सुटतात. कोपर साधारण काटकोनात, माऊस कीबोर्डच्या अगदी लगत. कळ दाबायला साधारण 50-60 ग्रॅम वजनाइतकाच जोर पुरतो. टायपिंगला बसल्यावर आपण त्याहून कितीतरी जास्त ठोकतो, आणि पॅड वाजवणाऱ्याचा हात तर ठोकायलाच शिकलेला असतो.

मराठी टायपिंगची एक खोड वेगळी सांगायला हवी. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत ख, घ, थ, ध, भ यांना शिफ्ट लागते. सातबाराच्या कामात ‘धारक’, ‘भोगवटादार’, ‘खाते’ किती वेळा येतात ते मोजायलाच नको. दर वेळी उजवी करंगळी ताणून त्याच हाताने अक्षर मारलं की मनगट करंगळीकडे मुरडतं. अक्षर एका हाताचं, शिफ्ट दुसऱ्या हाताची, ही सवय लावून घेण्यासारखी आहे. ट्रॅक जोडणाऱ्यांनी एकेक स्वर माऊसने ओढत बसण्यापेक्षा तो लॅपटॉपला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या कळांवरूनच भरावा, आणि शॉर्टकट पाठ करावेत.

‘उजवा दुखतो तर माऊस डाव्याने धरतो’ हा उपाय सगळ्यांना सुचतो. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1713 मध्ये एका लेखनिकाची हकीकत लिहून ठेवली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्याने लिहायला शिकला. काही दिवसांत डाव्यालाही तेच दुखणं जडलं. हात बदलण्यापेक्षा काम मधेमधे थांबवणं जास्त उपयोगी. अर्ध्या तासाने मिनिटभर हात सैल सोडणं हे दुपारच्या एका लांब सुट्टीपेक्षा बरं.

दुसरी गोष्ट एकदम वाढणाऱ्या ताणाची. पावसाळाभर पेटीला हात नाही आणि मंडईच्या दिवशी थेट रात्रभर वाजवणं, यात दुखापत ठरलेलीच. दसऱ्याच्या आधीपासून रोज थोडा थोडा रियाज वाढवत नेला तर कंडरा त्या ताणाला सरावतात. गार बोटांना जोर जास्त लावावा लागतो, म्हणून आधी शेकोटीशी हात शेकावेत आणि सुरुवात संथ लयीत करावी. गोळी घेऊन रात्र काढणं मात्र धोक्याचं. दुखणं लपतं, झीज चालूच राहते.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर बोगद्यातल्या नसेची शंका घ्यावी. करंगळीला मुंग्या येत असतील तर नस बहुधा कोपराशी दबते, टेबलावर कोपर टेकून बसणाऱ्यांना हे होतं. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल आणि मूठ वळताना कळ येत असेल तर तिथल्या कंडरेचं आवरण सुजलेलं असू शकतं. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर नस दबण्याची शक्यता वाढते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बऱ्याच जणांना आराम पडतो. पण हातातून वस्तू सुटू लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसका दिसू लागला, तर हंगाम संपायची वाट पाहू नये.

दवाखान्यात डॉक्टर विचारतील, ‘काम काय करता?’ ‘सेतू केंद्र चालवतो’ एवढंच सांगितलं तर ते कीबोर्डपुरताच विचार करतील. धान किती दिवस कापलं, ऑर्गन आठवड्यात किती रात्री वाजवता आणि डावा हात कशाला लागतो, हेही सांगा.