घोट्यातला एक मिलिमीटर

प्लास्टर निघतं, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं आणि चालायची परवानगी मिळते. तरीही काही महिन्यांनी जिना उतरताना घोटा ठणकतो, संध्याकाळपर्यंत सुजतो, उकिडवं बसता येत नाही. घरचे म्हणतात, व्यायाम कमी पडला. तसंही असू शकतं. पण कधी कधी हाड पक्कं जुळलेलं असतं, फक्त चुकीच्या जागी.

घोट्यात वरून नडगीचं मोठं हाड येतं आणि आतल्या बाजूचा उंचवटाही त्याचाच असतो. बाहेरचा उंचवटा म्हणजे फिब्युला या बारीक हाडाचं खालचं टोक. या चौकटीत टॅलस नावाचं हाड नेमकं बसतं. फिब्युलावर वजन फारसं येत नाही, म्हणून ते दुय्यम वाटतं. प्रत्यक्षात टॅलसला बाहेर सरकू न देण्याचं काम त्याचंच. पाय मुरगळून ते तिरकं मोडलं, की खालचा तुकडा वर सरकतो आणि बाहेरच्या बाजूला वळतो. तसाच जुळला तर चौकट रुंदावते आणि टॅलस त्या मोकळ्या जागेत बाहेर कलतो.

किती कलला तर बिघडतं? 1976 साली रॅमसे आणि हॅमिल्टन या दोघांनी मृतदेहांतल्या घोट्यांवर हे मोजलं. सांध्याच्या एका पृष्ठभागाला काजळीसारखी काळी पूड लावायची, सांधा दाबायचा आणि दुसऱ्या पृष्ठभागावर ठसा किती उमटला ते पाहायचं. टॅलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकवला तर ठशाचं क्षेत्रफळ सरासरी 42 टक्क्यांनी घटलं. म्हणजे तेवढंच वजन जवळजवळ निम्म्या जागेवर. जिवंत माणसाच्या घोट्याला स्नायू आणि अस्थिबंधांचा आधार असतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. तरी घोट्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, गुडघ्यापेक्षा पातळ असते, हे विसरून चालणार नाही. गुडघा बहुधा वयाने झिजतो. घोटा झिजतो तो बहुतेकदा जुन्या दुखापतीमुळे.

मग जुळलेलं हाड पुन्हा कापायचं? ऐकायला अघोरी वाटतं, पण उपाय तोच आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनचे सर्जन बी. जी. वेबर यांनी फिब्युला लांब करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आधी दोन्ही घोट्यांचे उभं राहून एक्स-रे काढतात, कारण फिब्युला किती आखूड झालं हे पेशंटचा चांगला पायच सांगतो. ते किती वळलं, हे सीटी स्कॅनमध्ये कळतं. मग घोट्याच्या थोडं वर हाड कापतात. धातूची प्लेट आधी खालच्या तुकड्याला स्क्रूने बसवतात. प्लेटच्या वरच्या टोकाच्या पलीकडे हाडात एक सुटा स्क्रू घालून, त्या दोहोंच्या मध्ये फाकवणारं उपकरण लावतात. ते उघडत गेलं की प्लेटसकट खालचा तुकडा थोडा थोडा खाली उतरतो. वळलेला भाग आत फिरवून घेतात, पडलेल्या फटीत कमरेच्या हाडाचा तुकडा बसवतात आणि मगच प्लेटचे वरचे स्क्रू आवळतात.

मला यातला सगळ्यात किचकट भाग वाटतो तो साफसफाईचा. टॅलसने सोडलेल्या जागेत, आतल्या बाजूला, व्रणासारखी चिवट ऊती भरलेली असते. नडगीचं हाड आणि फिब्युला यांच्या मधेही तीच. ती खरवडून काढली नाही तर फिब्युला कितीही नीट लांब केलं तरी टॅलस जागेवर येत नाही.

पुढे साधारण सहा ते आठ आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नाही. मधुमेह आटोक्यात हवा आणि सिगारेट बंद, नाहीतर नवी फट भरायला वेळ लागतो.

दुखापतीला काही वर्षं उलटली म्हणून ही वाट बंद होत नाही. प्रश्न असतो तो कूर्चा किती शिल्लक आहे हा. ती बऱ्यापैकी टिकून असेल तर दुखणं कमी होतं आणि सांध्याची झीज लांबणीवर पडते. ती पूर्ण गेली असेल, तर हाडं सरळ करून उपयोग नाही. मग हाडं एकमेकांना जोडून घोटा कायमचा सांधून टाकणं किंवा कृत्रिम सांधा बसवणं, हे दोनच मोठे पर्याय उरतात. सांधलेल्या घोट्याने सपाट रस्त्यावर बरंच चालता येतं, पण उकिडवं बसणं मात्र अवघडच.