अळवावरचं पाणी आणि बॉनेटवरचं पाणी

गाडीच्या वॅक्सची (मेणाची), सीलंटची (रंगाला धरून बसणाऱ्या कृत्रिम थराची) किंवा सिरॅमिक कोटिंगची (त्याहून कडक थराची) कुठलीही जाहिरात बघा, दृश्य एकच असतं: चकचकीत काळं बॉनेट, वरून ओतलेलं पाणी आणि मोत्यांसारखे टपोरे थेंब. थेंब जितका गोल तितकं संरक्षण पक्कं, असं बघणाऱ्याच्या मनात बसतं. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यापायी लोक चुकीची बाटली घेतात आणि वर गाडीवर पांढरे डाग पाडून घेतात.

थेंब गोल का होतो? पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ०.०७२ न्यूटन, म्हणजे रोजच्या द्रवांत बराच जास्त. स्वच्छ काच पाण्याला तितक्याच जोमाने ओढते, म्हणून काचेवर पाणी पसरतं. मेणाचा पृष्ठभाग म्हणजे हायड्रोकार्बनच्या शेपट्या, त्यांना पाण्याशी काही देणंघेणं नसतं. मग थेंब स्वतःतच आक्रसून बसतो. थेंबाची कड खालच्या पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो कशावर ठरतो याचा विचार थॉमस यंग यांनी १८०५ सालीच मांडला होता. उघड्या क्लिअरकोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, हा कोन साधारण ७० ते ८० अंश असतो. वॅक्स चढवलं की १०० च्या आसपास जातो.

यापुढे मात्र रसायनशास्त्र हात टेकतं. सपाट पृष्ठभागावर काहीही लावा, कोन १२० च्या वर जात नाही. अळूचं आणि कमळाचं पान १५० च्या वर जातं, कारण ते सपाट नसतंच. त्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, उंचवट्यांवर मेणाचे बारीक स्फटिक, आणि मधल्या फटींत हवा. थेंब पानावर नव्हे, जवळजवळ हवेवरच बसलेला असतो. बार्टलोट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाची ही करामत उलगडून दाखवली आणि ‘लोटस इफेक्ट’ हे शब्द बाटल्यांच्या लेबलांवर जाऊन बसले. बॉनेटवर असे उंचवटे खरोखर उभे केले तर प्रकाश विखुरून चकाकी जाईल, आणि पहिल्या फडक्यात ते मोडून पडतील. चकाकी आणि अळूचं पान, दोन्ही एका डबीत मिळत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीला थेंब गोल होण्याशी मतलब नाही, तो घरंगळण्याशी आहे. उतारावरच्या थेंबाला दोन कोन असतात. पुढची कड फुगलेली असते, मागची ताणलेली. या दोन कोनांत जितका फरक, तितका थेंब चिकट. ४ मिलीमीटर रुंदीचा, सुमारे २० मिलिग्रॅमचा थेंब घ्या. चार आठवडे ऊन खाल्लेल्या वॅक्सवर पुढचा कोन १०५ आणि मागचा ७५ धरू. दोन्ही कोनांच्या कोसाइनमधला फरक ०.५२, त्याला पृष्ठताण आणि रुंदीने गुणलं की धरून ठेवणारं बल मिळतं. ते थेंबाच्या वजनाच्या पाऊणपट भरतं, म्हणजे उतार ५० अंशांचा झाल्याशिवाय थेंब हलणार नाही. ताज्या सीलंटवर पुढचा कोन तोच १०५, पण मागचा ९० धरा. आता २२ अंश पुरतात. वरून बघाल तर दोन्ही थेंब सारखेच गोल! बॉनेटचा उतार १० अंश असेल तर पहिला थेंब ८ मिलीमीटर रुंद होईपर्यंत बसून राहतो, दुसरा ६ मिलीमीटरलाच सुटतो.

बसून राहिलेल्या थेंबाचं काय होतं ते बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना सांगायला नको. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कडेला गोल करून उरतात. ‘थेंब भिंगासारखा ऊन एकवटतो आणि रंग जाळतो’ ही मात्र बाता. पृष्ठभागावर टेकलेल्या थेंबातून गेलेलं ऊन जिथे एकवटेल तो बिंदू रंगाच्या बराच खाली पडतो. डाग क्षारांचे असतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, मिनिटभर ओलं फडकं ठेवून निघतात. नंतर भरपूर पाणी मारायचं.

तर वॅक्स की सीलंट? कार्नाउबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडाच्या पानांवरचं मेण. शुद्ध रूपात ते ८२ अंशांच्या पुढे वितळतं, आणि विक्रेते हा आकडा तोंडावर फेकतात. पण शुद्ध कार्नाउबा इतकं ठिसूळ असतं की ते गाडीवर पसरताच येत नाही. डबीत तेलं, मधमाशांचं मेण आणि द्रावक मिसळलेले असतात, आणि ते मिश्रण फार आधी मऊ पडतं. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीवर चार-सहा आठवडे टिकलं तर खूप झालं, म्हणजे अक्षरशः अळवावरचं पाणी. सीलंटमधले सिलिकोनचे बहुवारिक (पॉलिमर) रेणू क्लिअरकोटला धरतात आणि आपसातही जोडले जातात, म्हणून ते चार-सहा महिने जातं. गडद रंगावर वॅक्सची झाक ऊबदार दिसते हे मान्य. दोन्ही हवं असेल तर आधी सीलंट, वर वॅक्स. उलट केलंत तर सीलंटला धरायला रंगच सापडत नाही.

सीलंट फसतं ते लावण्यात. शाम्पूने धुतल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी यांनी पत्रा पुसून जुनं तेल काढा. एका दाराला पाच रुपयांच्या नाण्याएवढा ठिपका पुरतो. जास्त लावलं की जास्त टिकत नाही, फक्त पुसताना ओरखडतं. बोट फिरवून बघायचं: खाली स्वच्छ रंग दिसला तर पुसायची वेळ झाली, बोटामागे चिकट रेघ उमटली तर थांबा. पुढचे १२ तास पाणी लागू देऊ नका. आणि पाणी मोती धरेनासं झालं तर लगेच नवा थर चढवू नका, आधी नीट धुऊन बघा. बऱ्याचदा सीलंट शाबूत असतं, त्यावर फक्त धुळीचा तेलकट पापुद्रा चढलेला असतो.

सिरॅमिक कोटिंगचा ‘९एच’ हा आकडा ऐकून दचकू नका. तो हिऱ्याच्या किंवा क्वार्ट्झच्या मोजपट्टीवरचा नसून पेन्सिलींच्या मोजपट्टीवरचा आहे: ९एच ग्राफाइट पेन्सिलने ओरखडा उठत नाही, इतकाच अर्थ. आपल्या बेसॉल्टच्या धुळीतले खनिजकण पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडं फडकं फिरवलंत तर कोटिंगवरही ओरखड्यांचं जाळं उमटणारच.

चाकांचा मामला वेगळा. तिथला काळा थर साधी माती नसते. ब्रेक लागला की बिडाच्या डिस्कचे आणि पॅडचे तापलेले कण उडून रिमवर रुततात आणि गंजतात. शाम्पूला ते दाद देत नाहीत. आम्लाचे क्लीनर चटकन काम करतात, पण लेबलवर ‘फ्लोराइड’ हा शब्द दिसला की बाटली जागेवर ठेवा. त्यातून होणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं आणि पातळ असेल तर सुरुवातीला दुखतही नाही. कॉस्टिक सोड्याचे क्लीनर उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढुरके डाग पाडतात.

राहिला थायोग्लायकोलेटचा, फवारल्यावर जांभळा होणारा क्लीनर. यातला गंधक लोहाला पकडतो आणि विद्राव्य जांभळं-लाल संयुग बनतं. केस काढायच्या क्रीममध्ये हेच रसायन असतं, म्हणून वासही तसाच कुबट. रंग उठला नाही तर बाटली खोटी ठरत नाही, लोह नसेल तर जांभळं काय होणार? गंजक्या खिळ्यावर दोन थेंब टाकून खात्री करा. पुढच्या चाकांवर जांभळे ओघळ आणि मागे जेमतेम छटा, असं हमखास दिसतं. ब्रेकचा बहुतेक भार पुढे येतो, आणि मागे ड्रम ब्रेक असेल तर भुकटी आतच अडकते. लोखंडी रिमवर प्लॅस्टिकची टोपी असेल तर या बाटलीवर पैसे घालवू नका, शाम्पू आणि ब्रश पुरे.

चाक गार हवं, उलटा हात टेकवता आला पाहिजे. हातमोजे घाला, फवारा मारा, तीन मिनिटं थांबा, मऊ ब्रश फिरवा आणि वाळायच्या आत पाणी मारा. तापलेल्या चाकावर क्लीनर वाळतो आणि त्याचेच डाग बसतात. चाकं सगळ्यात आधी धुवायची, नाहीतर जांभळे शिंतोडे धुतलेल्या दारावर. मग रिमवर सीलंट. ब्रेकच्या शेजारच्या उष्णतेत वॅक्स तग धरत नाही. सीलंट डिस्कवर मात्र चुकूनही जाता कामा नये, ब्रेक घसरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसला तर घाबरू नका. उघडं बीड आहे, रात्रभरात एवढं होतंच. पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये तो खरवडून निघतो आणि भुकटी होऊन कालच धुतलेल्या रिमवर जाऊन बसतो.