ऑनलाइन बाजारात दुकान विक्रेत्याचं, पण पत कुणाची?

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत, तांबट आळीत आता बऱ्याच दुकानांत गल्ल्याशेजारी लॅपटॉप असतो आणि त्यावर सेलर पॅनल, म्हणजे ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या प्लॅटफॉर्मवरचं विक्रेत्याचं पान, उघडं असतं. ऑर्डर येतात, पॅकिंग होतं, पिकअपवाला येऊन जातो, सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि मग एक दिवस ईमेल येतो की अकाउंट सस्पेंड केलंय. कारण मोघम, पेमेंट होल्डवर, माल वेअरहाऊसमध्ये अडकलेला. एवढी सत्ता या प्लॅटफॉर्मच्या हातात आली कशी, आणि एवढं सोसून विक्रेते तिथंच का राहतात, हे समजून घ्यायचं तर तीसेक वर्षं मागं जावं लागतं.

१९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी अमेरिकेत ऑक्शनवेब ही लोकांनी एकमेकांना लिलावानं वस्तू विकायची साइट सुरू केली, तीच पुढं ईबे झाली. अडचण सरळ होती, तोंड न पाहिलेल्या माणसाला आधी पैसे कोण पाठवणार? म्हणून १९९६ मध्ये फीडबॅकची सोय आली, घेणाऱ्यानं विकणाऱ्याला आणि विकणाऱ्यानं घेणाऱ्याला शेरा द्यायचा आणि तो सगळ्यांना दिसणार. भांडणं सोडवायला कंपनीला माणसं फार ठेवावी लागली नाहीत, लोकच एकमेकांवर लक्ष ठेवायला लागले. कल्पना खरंच हुशारीची होती, पण विक्रेता अडकला तोही इथंच, कारण वर्षानुवर्षं चोख माल पाठवून कमावलेले हजारो चांगले शेरे दुसऱ्या साइटवर नेता येत नाहीत. तिथं गेलात की तुम्ही पुन्हा नवखे!

आपल्याकडच्या पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्यानं घेतलेल्या, दुकानाशी ताडून बघा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं पागडीला मान्यता दिली, भाडेकरूला काढायचं तर मालकाला कोर्टात कारण सिद्ध करावं लागतं, आणि समजा दुकान दोन गल्ल्या पलीकडं हलवलं तरी जुनं गिऱ्हाईक विचारत विचारत येतंच. ऑनलाइन गिऱ्हाईक विक्रेत्याचं नसतंच मुळी, ते प्लॅटफॉर्मचं असतं, बऱ्याचदा त्याचा खरा फोन नंबरसुद्धा दिसत नाही.

२००८ मध्ये ईबेनं विक्रेत्यांचा उलट वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला. कंपनीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, विक्रेता सूड म्हणून वाईट शेरा देईल या भीतीनं ग्राहक खरं लिहीत नव्हते. विक्रेते चिडले, त्याच फेब्रुवारीत त्यांनी बहिष्कारही टाकला, पण निर्णय फिरला नाही आणि तेव्हापासून हिशोब एकतर्फी झाला तो झालाच.

ॲमेझॉननं २००० मध्ये मार्केटप्लेस, म्हणजे आपल्या साइटवर इतरांनी माल विकायचा बाजार, उघडला आणि शेऱ्यांच्या जोडीला मोजमाप आणलं. ऑर्डर डिफेक्ट रेट, म्हणजे ग्राहकाची तक्रार किंवा वाईट शेरा आलेल्या ऑर्डरींचं प्रमाण, १ टक्क्याच्या आत पाहिजे, उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या आत, पाठवण्याआधी स्वतः रद्द केलेल्या २.५ टक्क्यांच्या आत. आकडा चुकला की अकाउंट धोक्यात, आणि नेमकी ती कुरिअरच्या घोळाची किंवा गणपतीत पावसानं तुंबलेल्या रस्त्यांची वेळ असली तरी ते पटवून देणं विक्रेत्याच्याच गळ्यात. २००६ मध्ये त्यांनी विक्रेत्यांचा माल स्वतःच्या वेअरहाऊसमध्ये ठेवून तिथूनच पाठवायची सेवा सुरू केली. ती सोयीची आहे, नाकारत नाही, पण आता रेटिंगबरोबर मालही त्यांच्याच ताब्यात गेला.

भारतातली गोष्ट जरा वेगळी आहे. बाझी डॉट कॉम ही ईबेसारखीच साइट २००० मध्ये सुरू झाली, २००४ मध्ये ईबेनं विकत घेतली, आणि त्याच डिसेंबरात साइटवर कुणीतरी विकायला टाकलेल्या अश्लील क्लिपवरून कंपनीच्या प्रमुखालाच अटक झाली. २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा बदलला आणि दुसऱ्यानं साइटवर टाकलेल्या गोष्टींच्या जबाबदारीपासून, काही अटी पाळणाऱ्या मध्यस्थाला, म्हणजे अशा साइटला, संरक्षण मिळालं. शिवाय परदेशी पैशावर चालणाऱ्या कंपनीला स्वतःचा माल ऑनलाइन थेट ग्राहकाला विकायला मनाई होती, म्हणून २०१३ च्या जूनमध्ये ॲमेझॉन इथं आलं ते मार्केटप्लेस म्हणूनच, फ्लिपकार्टही त्याच वर्षी त्या वाटेला लागलं. म्हणजे कायद्यामुळंच त्यांना विक्रेते हवे होते!

मग सरकारचे नियम आले. २०१६ च्या प्रेस नोटनं, म्हणजे परदेशी गुंतवणुकीबद्दलच्या सरकारी पत्रकानं, प्लॅटफॉर्मवरच्या एकूण विक्रीत एका विक्रेत्याचा वाटा २५ टक्क्यांवर अडवला आणि प्लॅटफॉर्मला किमतींवर प्रभाव टाकायला बंदी केली, डिसेंबर २०१८ च्या प्रेस नोटनं प्लॅटफॉर्मची भागीदारी असलेल्या विक्रेत्यांना तिथं विकायला मनाई केली. २०२० चे ई-कॉमर्स नियम ग्राहक संरक्षण कायद्याखालचे, त्यामुळं त्यांचा रोख मुख्यतः ग्राहकाकडं. जीएसटीत तर २०१७ पासून उलाढाल कितीही छोटी असली तरी ऑनलाइन माल विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची होती, राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातून सूट मिळाली.

विक्रेता टिकवायचा तर प्लॅटफॉर्म काय करतात, तर फी कमी करतात. मीशोनं २०२१ मध्ये कमिशन शून्य केलं, ॲमेझॉननंही २०२५ च्या एप्रिलपासून ३०० रुपयांखालच्या भरपूर वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे प्रत्येक विक्रीमागचं कमिशन, काढली. उलटंही होतं, चीनमध्ये २०११ च्या ऑक्टोबरात ताओबाओ मॉल या ऑनलाइन बाजारानं विक्रेत्यांची वार्षिक फी ६,००० युआनवरून ३०,००० ते ६०,००० वर नेली तेव्हा छोटे विक्रेते हजारोंनी भडकले आणि कंपनीला बऱ्याच जणांसाठी वाढ पुढं ढकलावी लागली.

पण फी हा माझ्या मते अर्धाच प्रश्न. २०१९ मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामकानं चौकशी लावल्यावर ॲमेझॉननं विक्रेत्यांच्या अटी बदलल्या, आणि जुलै २०२० पासून युरोपात कायदाच लागू झाला की अटी बदलायच्या तर किमान १५ दिवस आधी कळवा, अकाउंट कायमचं बंद करायचं तर सहसा ३० दिवस आधी, आणि कारण लेखी द्या. तांबट आळीत तांब्याच्या बाटल्या विकणाऱ्यालाही हेच पाहिजे, लेखी कारण, उत्तर द्यायला मुदत आणि ते उत्तर वाचणारा जिवंत माणूस.